डीबीटीचा हप्ता पासबुक बघून येत नाही

लाडकी बहीणचा १५०० रुपयांचा हप्ता जमा झाल्याचं शेजारणी सांगतात, बाई बँकेत जाऊन पासबुक भरून घेते आणि त्यात काहीच नसतं. अर्जातला खाते क्रमांक बरोबर, आयएफएससीही बरोबर. मग कुणीतरी अर्ज पुन्हा भरायला लावतो. तो दहादा भरला तरी उपयोग नाही, कारण आधारवर येणारे पैसे, म्हणजे डीबीटी (सरकारकडून थेट खात्यात जमा होणारी रक्कम), त्या खाते क्रमांकाकडे बघतच नाहीत.

बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे एक यादी असते, तिला मॅपर म्हणतात. एका आधारपुढे एकाच बँकेचं नाव. खाते क्रमांक तिथे नसतोच. बँकेतलं कोणतं खातं, हे ती बँक आपल्या नोंदीवरून ठरवते. शेवटचं सीडिंग, म्हणजे या यादीतली जोडणी, जिथे झालं, तीच बँक यादीत राहते. कुणी गावात टेबल टाकून अंगठ्यावर नवं खातं उघडून दिलं आणि डीबीटीच्या संमतीवर टिक पडली, की पुढचा हप्ता तिकडे वळतो. २०१७ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत लाखो ग्राहकांची गॅस सबसिडी अशीच, त्यांच्या नकळत गेली होती.

म्हणून अर्जाला हात लावण्याआधी 'माय आधार' संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की बंद, दोन्ही दिसतं. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. नंबर बदलला असेल तर आधी तो आधारमध्ये बदलून घ्यावा लागतो.

नाव भलत्याच बँकेचं निघालं तर हव्या त्या शाखेत जा. तिथे नुसतं "आधार लिंक करा" म्हणू नका. "लिंक आहेच" असं उत्तर मिळेल आणि ते खरंही असेल, पण ते केवायसीपुरतं, म्हणजे ओळख पटवण्यापुरतं. "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करायचंय" असं म्हणा. संमतीपत्रात 'दुसऱ्या बँकेतून बदल' हा पर्याय निवडून जुन्या बँकेचं नाव लिहा, पोच घ्या. ही ओळ कोरी राहिली की काम अडकतं. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा.

आधीचे हप्ते बुडालेले नसतात, ते त्या विसरलेल्या खात्यात पडून असतात. बँक मित्राच्या, म्हणजे गावात बँकेची कामं करणाऱ्या प्रतिनिधीच्या, मशिनवर नेहमीची बँक न निवडता स्टेटसमध्ये दिसलेली बँक निवडायला सांगा, अंगठा लावा आणि आधी शिल्लक बघा.

खरं तर अर्ज भरतानाच मॅपरमधल्या बँकेचं नाव पडद्यावर दिसायला हवं. बाईला तिथल्या तिथे कळेल की पैसे कुठे जाणार आहेत.