आमची वाटचाल : सगळ्यांची हत्यारं, एक कार्यशाळा

सामायिक कार्यशाळा काढायची म्हटलं की आधी मोठ्या यंत्रांची यादी तयार होते. आमची सुरुवात कामाच्या टेबलांपासून झाली. टेबल डगमगत असेल तर रंधा सरळ चालत नाही, करवत भरकटते, आणि नवशिक्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. वरची फळी किमान 50 मिमी जाड, पायांना तिरके आधार, उंची साधारण मनगटाइतकी. सगळे एका उंचीचे नसतात, म्हणून एक टेबल 80 सेंमीचं आणि एक 90 सेंमीचं. मग शिकंजे आणि क्लॅम्प. चार फळ्या चिकटवायला घेतल्या तरी पाच-सहा क्लॅम्प तासन्‌तास अडकून पडतात. एखादी ड्रिल मशीन कमी असली तर चालतं, क्लॅम्प कमी असून चालत नाही.

वायरिंगवर हात आखडता घेऊ नये, हे आमचं ठाम मत आहे. मोटर सुरू होताना नेहमीच्या करंटच्या पाच-सात पट करंट ओढते. म्हणून प्रत्येक मोठ्या यंत्राला वेगळं सर्किट आणि वेगळी एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच. हातात धरायच्या यंत्रांच्या सॉकेटना 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लगेच वीज तोडणारा स्विच, आणि अर्थिंग त्याशिवाय हवंच. दिव्यांचं सर्किट यंत्रांपासून वेगळं ठेवायचं. यंत्र ट्रिप झालं आणि त्याबरोबर दिवेही गेले, तर पातं फिरत असताना माणूस अंधारात सापडतो. गेलेली वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊ नये, यासाठी नो-व्होल्ट स्विच लागतो. तो नसलेली टेबल-करवत आम्ही सामायिक जागेत आणत नाही.

लाकूडकाम आणि धातूकाम एका खोलीत नको. ग्राइंडरची ठिणगी काही मीटर उडते, भुशात पडली की तासन्‌तास धुमसते आणि कुलूप लागल्यावर पेट घेते. म्हणून धातूचं काम बंद व्हायच्या एक तास आधी थांबतं, आणि भुसा ओढणाऱ्या व्हॅक्यूमला ग्राइंडर कधीच जोडत नाही. अळशीच्या तेलाचे बोळे चुरगळून टाकले तर सुकताना आपोआप तापतात आणि पेटतातसुद्धा. ते पसरून वाळवायचे किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे.

सामायिक हत्यारांत सगळ्यात आधी वाट लागते ती पटाशीची, म्हणजे लाकूड तासायच्या छिन्नीची. रंगाच्या डब्याचं झाकण उघडायला तीच हाताशी येते आणि धारेला खांडा पडतो. त्यावर उपाय सोपा: रंगाच्या कपाटाला दोरीने जुना स्क्रू-ड्रायव्हर बांधून ठेवायचा. धार लावणं हा आमच्याकडे प्रत्येक सभासदाचा पहिला धडा आहे. पटाशीची पाठ दगडावर सपाट करायची, उताराला 25 अंशांचा कोन द्यायचा, आणि अगदी टोकाला 30 अंशांवर 1000 ग्रिटच्या, म्हणजे बारीक कणांच्या दगडाचे चार-सहा हात. पाठीकडून बोट आडवं फिरवल्यावर बारीक कंगोरा लागला की धार टोकापर्यंत पोहोचली समजायची. मग पाठ सपाट टेकवून तो काढायचा. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती सटकते आणि हात कापतो.

ड्रिलचे बिट जळतात ते बहुतेक वेगामुळे. साध्या पोलादात 6 मिमीचा बिट मिनिटाला सुमारे 1300 फेऱ्यांवर चालवावा, 12 मिमीचा त्याच्या निम्म्यावर, आणि स्टेनलेसला आणखी कमी. टोक निळं पडलं म्हणजे बिट तापला. भोक आरपार जाताना बिट पत्र्याला पकडतो आणि पत्रा गरकन फिरतो. म्हणून तुकडा शिकंज्यातच धरायचा, आणि हातमोजे काढून ठेवायचे.

यंत्र वापरायची परवानगी आम्ही माणसागणिक आणि यंत्रागणिक देतो. टेबल-करवतीसाठी समोर उभं राहून शिकवतो: पात्यामागची फाळ, म्हणजे रायव्हिंग नाइफ, कापलेली चीर मिटू देत नाही. ती काढली तर लाकूड पात्याला चिमटा घेतं आणि मागे, थेट माणसाच्या अंगावर फेकलं जातं. ग्राइंडरवर चकतीवरच्या फेऱ्या यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहेत ना, आणि मधल्या कड्यावर छापलेली मुदत संपली नाही ना, हे सभासदाने मोठ्याने वाचून दाखवायचं. कापायच्या चकतीने घासायचं नाही, बाजूच्या दाबाने ती फुटते.

वर्गणीचा ठरावीक हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला निघतो आणि त्याला दुसरीकडे हात लागत नाही. कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे, झिजून 5-6 मिमी उरले की मोटर जास्त ठिणग्या पाडते. तेव्हा शोधाशोध नको, म्हणून यंत्रासोबतच दोन जोड्या घेतो. चकत्या, बिट, पॉलिशपेपर यांचे पैसे वापराप्रमाणे वेगळे. सगळं फुकट ठेवलं तर पहिल्याच आठवड्यात डबा रिकामा होतो आणि नंतरचे सभासद झिजलेल्या पॉलिशपेपरने लाकूड घासत बसतात.

मोडतोड सांगणाऱ्याला दंड नाही, हा नियम आम्ही कधीच बदलणार नाही. दंडाच्या भीतीने मोडलेलं हत्यार गुपचूप खुंटीवर परत जातं, आणि पुढच्याच्या हातात ते धोकादायक ठरतं. भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवली आहे, शेजारी लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा. चिठ्ठीवर काय बिघडलं आणि कधी, एवढं लिहायचं, प्लग काढायचा आणि हत्यार दुरुस्तीच्या फळीवर ठेवायचं.