आमची वाटचाल : तुटलेल्या पोलांपासून नेमक्या पोलापर्यंत

आमच्या धंद्याची सुरुवात विक्रीने नाही, दुरुस्तीने झाली. क्रॉस-कंट्री स्कीइंग, म्हणजे स्कीवरून बर्फात लांब अंतर कापणारी मंडळी आपले पोल, म्हणजे हातात धरून बर्फात रेटायच्या काठ्या, घेऊन यायची. कुणाची ग्रिप (मूठ) सैल झालेली, कुणाचं टोक झिजलेलं, कुणाचं बास्केट (काठी बर्फात रुतू न देणारी टोकाजवळची चकती) फुटलेलं असायचं आणि आम्ही ते बदलून द्यायचो. मोडलेला शाफ्ट, म्हणजे काठीची मुख्य नळी, मात्र जोडता येत नाही. ते तुकडे साठत गेले आणि पोल कसा निवडायचा हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. कितीतरी शाफ्टवर, जिथे मोड होती तिथेच, एक बारीक खाच दिसायची. कुणाच्या तरी स्कीची धार तिथे लागलेली असायची. कार्बन फायबर लांबीच्या दिशेने जबरदस्त ताण पेलतं, पण आडवा घाव बसला की शाफ्ट तिथून कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून शर्यतीआधी शाफ्टवरून नख फिरवून बघा, असं आम्ही प्रत्येकाला आजही सांगतो.

2006 च्या तोरिनो ऑलिंपिकमध्ये सांघिक स्प्रिंट चालू असताना कॅनडाच्या सारा रेनरचा पोल मोडला. नॉर्वेचे प्रशिक्षक ब्योर्नार होकेन्समोएन यांनी क्षणात आपल्याकडचा पोल तिच्या हातात दिला. कॅनडाला रौप्य मिळालं, नॉर्वे चौथा आला. या खेळावर आमचं प्रेम आहे ते अशा माणसांमुळे.

हळूहळू लोक विचारू लागले, "नवा कोणता घेऊ? सगळ्यात हलका कोणता?" आम्ही वजनाकडे शेवटी वळतो. आधी उंची, मग शैली. क्लासिकसाठी (यात दोन्ही स्की समांतर, सरळ पुढे सरकतात) पोल उंचीच्या साधारण 83 टक्के, स्केटिंगसाठी (यात स्केटिंगसारखं स्की तिरकी बाहेर रेटतात) 90 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 175 सेंटिमीटर उंचीच्या माणसाला क्लासिकला 145 आणि स्केटिंगला 157 च्या जवळपास. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2016-17 च्या हंगामापासून क्लासिक शर्यतींत 83 टक्क्यांची कमाल मर्यादाच घातली. लांब पोल घेऊन नुसत्या दोन्ही हातांच्या रेट्यावर शर्यत काढायची पद्धत बळावली होती आणि त्यात क्लासिकची बाकीची तंत्रं मागे पडत होती.

त्यानंतर ताठपणा. पाकिटावरच्या "100 टक्के कार्बन"वर आम्ही विसंबत नाही. धागा कोणत्या प्रतीचा, कोणत्या दिशेने गुंडाळलेला, नळीची भिंत किती जाड, यातलं काहीच त्या आकड्यातून कळत नाही. आम्ही शाफ्ट दोन आधारांवर ठेवतो, मधोमध वजन टांगतो आणि तो किती मिलिमीटर वाकला ते मोजतो. कमी वाकणारा शाफ्ट जोर वाया घालवत नाही. पण हात अजून तयार नसेल तर तोच ताठपणा कोपरांना जाचतो. नवख्या माणसाला आम्ही सगळ्यात ताठ पोल विकत नाही, त्याने कितीही आग्रह केला तरी.

वजनाचं म्हणाल तर एकूण ग्रॅमपेक्षा ते कुठे आहे ते बघावं. टोकाकडचे थोडे ग्रॅम दर झोक्याला जाणवतात, ग्रिपकडचे तितके नाहीत. स्वीडनच्या 90 किलोमीटरच्या वासालोपेतसारख्या शर्यतीत तर हा फरक हातांना दिवसभर कळतो. बास्केट कडक ट्रॅकवर लहान, भुसभुशीत बर्फात मोठं, एवढं पुरे. ग्रिपला जोडलेला हाताचा पट्टा मात्र हातमोजा घालूनच बसवा. जोर पट्ट्यातून पोलात उतरतो, मुठीतून नव्हे. तो ढिला असेल तर महागड्या शाफ्टचा काही उपयोग नाही.

पोल कापायचं काम आम्ही अजून स्वतःच करतो. शाफ्ट खाली निमुळता असतो, म्हणून कापायचा तो ग्रिपच्या बाजूने. ग्रिप गरम पाण्यात धरली की आतला गोंद सुटतो. फार तापवायचं नाही, नाहीतर कार्बनचे धागे धरून ठेवणारं रेझिन बिघडतं. कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळायची, बारीक दाताची करवत घ्यायची, तोंडाला मास्क लावायचा आणि एका वेळी अर्धा सेंटिमीटरच काढायचा. वाढत्या वयाच्या मुलांचे आईवडील कार्बन मागायला येतात, त्यांना आम्ही अ‍ॅल्युमिनियमचे पोल देऊन पाठवतो. उंची थांबली की या म्हणतो, आणि ती मुलं पुढे येतातच.