नॉर्थम्प्टनची ऑस्की: माझ्या दोन फेऱ्या

झाले एकदाची पास! ऑस्की म्हणजे ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी द्यावी लागणारी प्रात्यक्षिक परीक्षा. सीबीटी (त्याआधीची कॉम्प्युटरवरची परीक्षा) आपल्याकडे देऊन येतोच आणि आयईएलटीएसला (इंग्रजीची परीक्षा) रायटिंग 6.5, बाकी तिन्हीत 7 लागतात हे इथल्या सगळ्या सिस्टरना पाठ आहे, म्हणून थेट नॉर्थम्प्टनचंच सांगते.

लंडन यूस्टनवरून ट्रेनने साधारण तासभर. पहिल्यांदा मी त्याच दिवशी सकाळी निघाले, ट्रेन लेट, पोचेपर्यंत घशाला कोरड. दुसऱ्यांदा आदल्या रात्रीच जाऊन राहिले, सोबत दशम्या नि शेंगदाण्याची चटणी, शांत झोप झाली. पासपोर्ट ओरिजिनलच न्या.

हात कोपरापर्यंत मोकळे लागतात, साधं वेढं चालतं, बाकी काही नाही. लग्नापासून न निघालेल्या बांगड्या मी सकाळी घाईत साबण लावून ओढल्या, मनगट लाल! आदल्या रात्रीच काढा बायांनो. मनगटी घड्याळही नाही, छातीला लावायचं सेकंदकाट्याचं घ्या.

एकूण 10 स्टेशन्स, म्हणजे परीक्षेचे वेगवेगळे टप्पे. चार एकाच पेशंटची, म्हणजे असेसमेंट, प्लॅनिंग, औषधं देणं आणि हँडओव्हर (पेशंटची माहिती पुढच्या नर्सला सांगणं), चार स्किल्सची, दोन नुसती लिहायची. प्लॅनिंगमध्ये हाताने लिहायचं असतं, चुकलं तर गिरवू नका, एकच आडवी रेघ मारून सही.

आता मी कुठे आपटले ते. श्वास मोजताना आपल्या वॉर्डातली सवय, 30 सेकंद मोजले नि दुप्पट करून टीपीआर (ताप, नाडी, श्वासाचा तक्ता) भरला. इथे पूर्ण मिनिट लागतं. आणि औषध देताना ॲलर्जी चार्टवर वाचली पण पेशंटला तोंडाने विचारलीच नाही. म्हणजे येत सगळं होतं, बोलले नाही! दोन्ही स्टेशन्स गेली. सात किंवा कमी गेली तर तेवढीच परत द्यायची असतात, पूर्ण फी 794 पाउंड तर तेव्हा 397. पहिले हॉस्पिटलने भरले, हे माझ्या खिशातले, रुपयात हिशोब करायचा नाही असं ठरवलेलं तरी केलाच.

दुसऱ्या वेळी नाडीवर बोटं तशीच ठेवून छातीकडे बघत श्वास मोजले, म्हणजे पेशंट झालेल्या ॲक्टरला कळत नाही आणि तो श्वास बदलत नाही.

स्पॉन्सर व्हिसावर (नोकरी देणाऱ्या हॉस्पिटलने दिलेल्या स्पॉन्सरशिपवर) असाल तर पहिला अटेम्प्ट जॉइन झाल्यापासून 12 आठवड्यांत द्यावा लागतो, स्लॉट लवकर बघा. रिझल्ट मेलवर येतो, स्पॅम पण चेक करा, माझा तिथेच पडला होता.