वाटाण्याच्या अक्षता

आई मटार सोलत होती आणि भाचा तिच्याशेजारी मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. एका कंपनीत मुलाखतीच्या तीन फेऱ्या पार पडल्या होत्या, चौथ्या दिवशी मेल आला.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, तुमचं प्रोफाइल खूप आवडलं, पण सध्या आम्ही दुसऱ्या कँडिडेट्सबरोबर पुढे जातोय."

"बरं. मग तुला कधी जायचंय?"

"आजी, नाही घेतलं मला."

"मग तसं लिहायचं की मेल्यांनी! वाटाण्याच्या अक्षता लावल्या म्हण."

मी मेल वाचला. चार ओळींत 'नाही' कुठेच नव्हतं. 'अनफॉर्च्युनेटली' होतं, 'रिग्रेट' होतं, शेवटी 'ऑल द बेस्ट'सुद्धा होतं. लग्नाच्या पत्रिकेत याहून कमी गोडवा असतो.

गंमत म्हणजे इस्त्रीचा शर्ट घालून फिरणारे हे इंग्रजी शब्द मूळचे हातघाईवरचे. 'रिजेक्ट' लॅटिनमधून आला, अर्थ मागे फेकणं. 'डिसमिस' म्हणजे लांब धाडून देणं. 'स्पर्न'च्या पोटात तर चक्क लाथ आहे. 'फायर'मध्ये बंदूक आहे: 'डिस्चार्ज' म्हणजे कामावरून मोकळं करणं आणि गोळी झाडणंही, त्यावर अमेरिकेत कुणीतरी कोटी केली आणि ती चिकटली. 'सॅक'ची कथा त्यातल्या त्यात माणुसकीची. कारागीर आपली हत्यारं थैलीतून आणायचा, मालकाने ती थैली त्याच्या हातात ठेवली की समजायचं, असं सांगतात. ही मला फार जवळची वाटते, कारण आपणही माणसाला काढताना रिकाम्या हाताने पाठवत नाही. नारळ देतो! आणि 'बोळवण' तर सासरी निघालेल्या लेकीची करायची असते. डोळे पुसत, ओटी भरत. तीच आता कर्ज मागायला आलेल्या चुलतभावाची होते, तीही अर्ध्या कप चहावर.

वडील सातपूरला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तिथे 'जॉब' म्हणजे लेथवरून उतरलेला तुकडा. घरी आल्यावर ते सांगायचे, "आज बारा जॉब रिजेक्ट केले," आणि लहानपणी मला वाटायचं बाबा रोज बारा माणसांना हाकलून येतात. रिजेक्ट तुकड्यावर ते लाल ऑइलपेंटचा ठिपका द्यायचे. शर्टाच्या बाहीवर तो हमखास उतरायचा आणि आईच्या शिव्या खायचा. पण तिथे एक रिवर्कचा क्रेट वेगळा असे. पाव मिलिमीटर जास्त राहिलं असेल तर तुकडा परत मशीनवर चढायचा. पोराच्या मेलमध्ये असा क्रेट कुठेच दिसेना. किती मिलिमीटरने हुकलं, तेही नाही.

तसं म्हटलं तर आमच्या गावाचं नावच एका नकारावरून पडलं म्हणतात. (नऊ शिखरांवरून पडलं म्हणणारेही आहेत, पण ते गप्पांत हरतात.) शूर्पणखा पंचवटीत रामाकडे गेली. तो म्हणाला, माझं लग्न झालंय, लक्ष्मणाला विचार. लक्ष्मण म्हणाला, मी तर याचा सेवक, तूच याला विचार. या टेबलावरून त्या टेबलावर. पुढे नाक गेलं आणि गावाला नाशिक हे नाव मिळालं. नाक कापणं वाईटच, पण मला त्याआधीची ती दोघांमधली टोलवाटोलवी जास्त ओळखीची वाटते.

त्याच पंचवटीत काळारामाच्या दाराशी 2 मार्च 1930 ला, अस्पृश्य म्हणून ज्यांना आत येऊ देत नव्हते त्यांच्या मंदिरप्रवेशासाठी, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. 'बॉयकॉट' हा शब्द 1880 मध्ये आयर्लंडमध्ये राहणाऱ्या एका इंग्रज कॅप्टनच्या आडनावावरून बनला. जमीनदाराच्या त्या कारभाऱ्याकडे कुणी मजुरीला जाईना, दुकानदार माल देईनात. इंग्रजीला त्यासाठी नवा शब्द लागला. आपल्याकडे बहिष्कार आधीपासून तयार होता, आणि तो कारभाऱ्यावर पडत नसे. तिथे मला कोट्या सुचत नाहीत.

भाच्याच्या पिढीचा शब्द 'घोस्ट करणं'. बोलता बोलता समोरचं माणूस गायब. ना फोन, ना मेसेज, ना नारळ. मी आईला समजावून सांगितलं.

"म्हणजे भुतासारखं?"

"हो."

"काहीतरीच. भूत अमावास्येला तरी येतं."

तोवर भाचा मेलला उत्तर टाइप करत होता. मी डोकावले. 'थँक यू फॉर द अपॉर्च्युनिटी.'

"नाही म्हणाले, आणि तू आभार मानतोस?" आई.

"पद्धत आहे, आजी."

आईने काही न बोलता सोललेल्या मटारांची एक मूठ त्याच्या हातावर ठेवली. त्याने मोबाइलवरची नजर न काढता ते तोंडात टाकले आणि म्हणाला, "गोड आहेत. कितीला घेतलेस?"