समेवरचा उलटा गज

वागळे इस्टेटमधल्या आमच्या स्टुडिओत डबिंग, जाहिराती, वेब सीरिजचं पार्श्वसंगीत अशी कामं रोज चालतात. पण दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो (व्हायोलिनचीच मोठी, खालच्या सुरांची भावंडं), गायक नाही, तबला नाही, आणि सगळं स्वरांकन कागदावर लिहून आणलेलं, असं रेकॉर्डिंग माझ्याकडे त्या दिवशी पहिल्यांदाच आलं. आणणारी मुलगी ठाण्यातलीच, वय सव्वीस.

तिचं शिक्षण थोडक्यात सांगतो. नौपाड्यात घर. आधी हार्मोनियम, मग पियानो, ग्रेडच्या परीक्षा, परदेशात जाऊन कंपोझिशनचा अभ्यास आणि परत. आता सकाळी मुलांना पियानो शिकवते. दुपारी दुसऱ्यांच्या सीरिजसाठी ऑर्केस्ट्रेशन करते, म्हणजे संगीतकारानं कीबोर्डवर वाजवलेलं वादकांना वाचून वाजवता येईल असं लिहून देते. श्रेयनामावलीत तिचं नाव क्वचितच असतं. स्वतःचं लिहायचं ते रात्री. त्या दिवशी वादकांचं मानधन आणि स्टुडिओचं भाडं तिनं याच कमाईतून भरलं. वनराज भाटिया (१९२७–२०२१) लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकून मुंबईत आले, तरी पोटापाण्याचं काम जाहिरातींचं आणि सिनेमाचंच राहिलं. इतकी वर्षं उलटून गेली, तरी हे गणित तसंच आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिच्या रचनेचे पहिले दोन भाग सुरळीत पार पडले. पावसाळी हवेमुळे तारा सारख्या सुरातून हलत होत्या, टेकमध्ये एसी बंद ठेवायचा म्हणून सगळे घामाघूम, पण वादक पक्के. चेलोवर होते ते गोव्याचे, सत्तरीच्या घरातले. सगळे त्यांना अंकल म्हणतात. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला त्यांनी आयुष्यभर वाजवलंय.

अडलं ते तिसऱ्या भागात. तो रूपक या सात मात्रांच्या तालात लिहिलेला होता. वादकांच्या कागदावर त्याचं रूप सेव्हन एट, म्हणजे दर बारमध्ये (आवर्तनात) सात मात्रा, तीन-दोन-दोन अशा गटांत. चौघांनी पहिल्याच वाचनात स्वर बिनचूक वाजवले, आणि तरीही ते एखाद्या युरोपातल्या लोकनृत्यासारखं ऐकू येत होतं. लहानपणी तबला शिकलो असल्यामुळे मला कारण लगेच कळलं. रूपकाची समच, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्राच, खाली असते, म्हणजे तिच्यावर टाळी नसते. ती ती ना, या पहिल्या तीन मात्रांत बायां, म्हणजे तबल्याच्या जोडीतला डावा, घुमणारा, बोलत नाही. तो येतो चौथ्या मात्रेला, धी वर. पाश्चात्त्य पद्धतीत वाढलेल्या वादकाचा हात मात्र बारच्या पहिल्या मात्रेवर आपोआप वजन टाकतो. भरीस भर म्हणजे वादकांना लय मोजून देणाऱ्या आमच्या क्लिकचा मोठा टोलही पहिल्याच मात्रेवर.

ती टॉकबॅकवरून (काचेपलीकडच्या वादकांशी बोलायच्या माईकवरून) म्हणाली, "पहिल्या मात्रेवर वजन नको, प्लीज." त्यांनी ती मात्रा हळू वाजवली. आता समच हरवली. मात्रा हळू वाजली म्हणून खाली दिसत नाही. खालीतही सम स्वच्छ कळायला हवी, फक्त तिच्या पायाखालची जमीन काढून घेतलेली असावी.

मी क्लिक बदलून दिला: पहिली मात्रा बारीक, टोल चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. थोडा फरक पडला. तेवढ्यात ती पेन्सिल घेऊन आत गेली आणि पहिल्या व्हायोलिनच्या स्टँडसमोर उकिडवी बसून बोइंगच्या, म्हणजे गज कुठल्या दिशेनं ओढायचा त्याच्या, खुणा खोडायला लागली. गज हाताजवळच्या टोकापासून ओढला, म्हणजे डाउन बो घेतला, की हाताचं वजन तारेवर येतं. अप बो टोकाकडून सुरू होतो, म्हणून हलका. बारची सुरुवात डाउन बोनं करायची ही या वादकांची पहिल्या धड्यापासूनची सवय. हिनं नेमकं उलटं केलं. पहिल्या तीन मात्रा एका अप बोमध्ये. चौथीला डाउन. मग गज उचलायचा आणि सहावीला पुन्हा डाउन. म्हणजे चौथ्या-सहाव्या मात्रेवरच्या दोन्ही टाळ्या जड, सम हलकी, आणि पुढचा बार आपोआप अप बोनंच उघडणार.

व्हायोलावाला म्हणाला, "मॅम, हात अडखळतोय." अडखळतच होता. पण चार-सहा आवर्तनांनंतर ती लय झुलायला लागली.

तरी काहीतरी जड होतंच. अंकल बराच वेळ गप्प बसून कागद बघत होते. मग म्हणाले, "बेटी, बायां तर चौथ्या मात्रेला येतो ना? मग मी पहिल्या तीन मात्रा कशाला वाजवतोय?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. आयुष्यभर तबल्याच्या शेजारी बसून वाजवलेल्या माणसाला ते दिसलं होतं. तिनं स्कोअर (चौघांचं एकत्र स्वरांकन) पुन्हा पाहिला आणि "हो अंकल, बरोबर" म्हणून प्रत्येक बारमधून चेलोच्या पहिल्या तीन मात्रा खोडून टाकल्या. रात्री जागून लिहिलेले स्वर होते ते. फक्त शेवटच्या समेवर चेलोची सगळ्यात खालची मोकळी तार ठेवली, सुमारे ६५ हर्ट्झची. क्लिकही काढून टाकायला सांगितला. पुढचा टेकच आम्ही पक्का केला. त्या शेवटच्या समेला कन्सोलवर ठेवलेल्या माझ्या हाताला कंप जाणवला.

"तबला टाक ना, फ्यूजन होईल, खपेल," असं तिला पुष्कळांनी सुचवलंय. तिचं म्हणणं, तबला असला की रूपकाचं सगळं काम तोच करणार आणि बाकीचे नुसते साथीला राहणार. मला हे शंभर टक्के पटतं. ताल त्या चौघांच्या मनगटात उतरायला हवा होता, आणि तो उतरताना मी काचेतून पाहिला.

चहाच्या वेळी तिनं शार्ङ्गदेवाचा विषय काढला. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादवांच्या दरबारी, त्यानं संगीतरत्नाकरात १२० देशी तालांची यादी दिली. ती विसाव्या शतकात एका फ्रेंच विश्वकोशातून ऑलिव्हिए मेसियां या संगीतकाराच्या हाती पडली आणि त्यानं ते ताल आयुष्यभर वापरले. १५ जानेवारी १९४१ ला जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याची एक रचना पहिल्यांदा वाजली, तिच्यातही ते आहेत. परदेशात शिकताना हे कळलं आणि देवगिरी आपल्या घरापासून रेल्वेनं एका रात्रीवर आहे हे आठवून झोप लागली नाही, असं ती म्हणाली. अंकलनी वहीत मेसियांचं नाव लिहून घेतलं.

रेकॉर्डिंग आता मिक्स होऊन तयार आहे. पण ही रचना अजून एकदाही श्रोत्यांसमोर वाजलेली नाही. गडकरी आणि घाणेकर ही ठाण्यातली नाट्यगृहं या कामासाठी फार मोठी पडतात, शिवाय चार वाद्यांना माईक न लावता ऐकवायचं आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत शे-दीडशे माणसं बसतील असा, लाकडी जमिनीचा, एसी बंद ठेवता येईल असा हॉल कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा. वादकांच्या तारखा दिवाळीपर्यंत मिळतायत.