लॉगिन यूजर स्क्रिप्ट: आता ओळी नाही, माणसं मोजतोय

लिनक्स मशीनवर आत्ता कोण कोण लॉगिन आहे त्यांची यादी देणारी स्क्रिप्ट लिहितोय, तिचा प्रोग्रेस सांगतो. स्क्रिप्टचं पहिलं रूप एकदम साधं होतं, हू कमांडचं (लॉगिन असलेल्यांच्या ओळी दाखवते) आउटपुट घ्यायचं, पहिला म्हणजे नावाचा कॉलम उचलायचा, सॉर्ट आणि युनिक लावून एकच नाव दोनदा येऊ द्यायचं नाही, झाली यादी. छोट्या मशीनवर हे मस्त चालतं आणि नवीन शिकणाऱ्याने इथूनच सुरू करावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण एकाच माणसाने तीन टर्मिनल उघडले की हू तीन ओळी देतो हे तिथेच कळतं.

मग हू ही माहिती आणतो कुठून ते बघायला यूटीएमपी फाइल (चालू लॉगिनची नोंद ठेवणारी) पायथनने उघडली. बायनरी फाइल आहे, नेहमीच्या ६४ बिट पीसी लिनक्सवर प्रत्येक रेकॉर्ड ३८४ बाइटचा, त्यात युजरनेमला ३२ बाइट आणि होस्टला २५६. टाइप ७ असेल तर यूजर लॉगिन आहे, ८ असेल तर ती प्रोसेस संपलेली आहे, म्हणजे फक्त ७ वाले ठेवायचे. पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलने (बायनरी बाइटमधून आकडे आणि नावं काढतं) हे वाचायला जी मजा येते ती नुसती कमांड चालवून येत नाही, खरंच एकदा करून बघा! पण एक अडचण आहे, त्या रेकॉर्डमधली वेळ ३२ बिटची आहे आणि ती जानेवारी २०३८ मध्ये संपते, त्यामुळे बरीच मंडळी आता यूटीएमपी सोडून सिस्टमडीकडे (बऱ्याच लिनक्समध्ये सेवा आणि लॉगिन सांभाळणारी प्रणाली) वळतायत. अल्पाइन लिनक्ससारख्या, मसल ही छोटी सी लायब्ररी वापरणाऱ्या सिस्टमवर तर यूटीएमपीची फंक्शन्स नुसती नावालाच आहेत, आत काहीच होत नाही.

म्हणून आता सगळा भर लॉगिनसीटीएलवर, ही सिस्टमडीची कमांड चालू सेशन म्हणजे एकेक लॉगिन दाखवते. आणि इथे खरा फरक दिसला, कोणी एसएफटीपीने (नेटवर्कवरून सुरक्षित फाइल पाठवायची पद्धत) फक्त फाइल टाकत असेल तर त्याला टर्मिनल मिळत नाही, म्हणून हू मध्ये तो येतच नाही, पण लॉगिनसीटीएलच्या सेशन यादीत येतो, कारण ते सेशन पॅममधून (लॉगिन तपासणारी लिनक्सची व्यवस्था) नोंदवलं जातं. आता उलटी बाजू, या यादीत नको ती मंडळीपण येतात. लॉगिन स्क्रीन स्वतःच एक सेशन असते, तिचा क्लास म्हणजे प्रकार ग्रीटर, आणि नव्या व्हर्जनमध्ये मॅनेजर क्लासची (यूजरच्या मागे चालणाऱ्या सेवांची) सेशन्सपण दिसतात, तर मी सरळ क्लास यूजर असेल तेवढंच घेतो. टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम) चालू ठेवून कोणी एसएसएच म्हणजे दुसऱ्या मशीनवरून केलेलं लॉगिन तोडलं तर ते सेशन क्लोजिंग स्टेटमध्ये रेंगाळत राहतं, माणूस गेलाय पण प्रोसेस आहेत. त्याला मी वेगळ्या गटात दाखवतो, गाळत नाही, कारण मशीन रीस्टार्ट करायच्या आधी हीच माहिती सगळ्यात जास्त कामाची असते, कोणाचं तरी रात्रभर चाललेलं काम उडू नये.

सुडो किंवा एसयू या कमांडने कोणी रूट म्हणजे सर्वाधिकारी यूजर झाला तरी सहसा नवीन सेशन बनत नाही, जुन्याच नावाने दिसतो. मला हेच हवंय, खरा माणूस कोण ते कळतं.

डब्ल्यू कमांडचं (लॉगिन असलेले आणि ते काय करतायत ते दाखवते) आउटपुट मात्र स्क्रिप्टमध्ये वापरू नका, ते डोळ्यांनी बघायला छान आहे पण लांब युजरनेम तो सहसा ८ अक्षरांवर कापतो आणि मग दोन वेगळी माणसं एकच वाटू शकतात.

सध्या प्रत्येक नावापुढे लोकल का रिमोट, कुठल्या होस्टवरून, आणि स्टेट एवढं येतंय. लॉगिनसीटीएलचं जेसन आउटपुट (प्रत्येक माहितीला नाव असलेला मजकूर) घेतल्यामुळे कॉलम मोजायची कटकटपण गेली.

पुढचा टप्पा विंडोज. तिथे लॉगिन असलेल्यांची यादी देणारी क्वेरी यूजर कमांड आहे (होम एडिशनमध्ये नसते), पण डिस्कनेक्ट झालेल्या सेशनचं सेशननेम रिकामं येतं आणि स्पेसवर तोडलं की पुढचे सगळे कॉलम सरकतात. त्यामुळे हेडरमधल्या शब्दांची जागा पकडून ओळ कापायची असं ठरवलंय, पॉवरशेल या विंडोजच्या स्क्रिप्ट भाषेत लिहायला घेतलंय, कोणी हे आधी केलं असेल तर तुमची पद्धत नक्की सांगा.