आधी वैरण, मग तलवार

लढाईवरचं पुस्तक हाती आलं की मी आधी घोडे मोजतो. सगळी नोकरी गोदाम सांभाळण्यात गेली, त्यामुळे किती आलं, किती उठलं, शिल्लक किती, हे पाहायची खोड लागली आहे. राबत्या घोड्याला दाणा-वैरण मिळून दिवसाला ९-१० किलो लागतात. म्हणजे १०,००० घोड्यांना रोज जवळपास १०० टन. लादणीचा बैल १०० किलो वाहतो असं धरलं तर रोज १,००० बैल भरून यायला हवेत, आणि ते बैलही खाणार. एवढं मांडलं की सेनापतीच्या कर्तबगारीवरची निम्मी पानं जरा जपून वाचावीशी वाटतात.

पानिपतचा विषय निघाला की आपलं बोलणं १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी जाऊन अडकतं. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरले, होळकर निघून गेले. मग 'असं केलं असतं तर' सुरू होतं आणि चहा दोनदा होतो. मला त्याआधीचे तीन महिने जास्त खुणावतात. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतल्यावर मराठ्यांना धान्य मिळालं, पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि दिल्लीची वाट तुटली. अब्दालीची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात पडले. छावणीत लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू, बायकामुलं, बुणगे, सगळेच खाणारे. जानेवारी उजाडेपर्यंत भाऊंच्या हातात निवडायला फारसं काही उरलंच नव्हतं. दुपारच्या एका क्षणावर खापर फोडणाऱ्याला हे दिसत नाही, कारण त्याला शेवट आधीच ठाऊक असतो.

युद्धेतिहास वाचायचा तो यासाठी, असं माझं मत. शेवट माहीत नसलेल्या माणसासमोर त्या दिवशी काय होतं, ते पाहायचं. 'यातून धडा काय?' असं कुणी लगेच विचारलं की मी सावध होतो. धडे शोधायला निघालेल्याला सहसा घरून नेलेलाच धडा सापडतो.

याचं ढळढळीत उदाहरण म्हणजे १९०४-०५ चं रशिया-जपान युद्ध. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, अमेरिका, सगळ्यांचे लष्करी निरीक्षक मंचुरियात हजर होते. खंदक, काटेरी तारा, मशीनगन, सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. रशियाच्या ताब्यातल्या एकट्या पोर्ट आर्थर बंदराच्या वेढ्यात जपानचे ५०,००० हून अधिक सैनिक मेले किंवा जखमी झाले. अहवालांत हे आलंही. पण युरोपातल्या बऱ्याच अधिकाऱ्यांनी त्यातून काय उचललं, तर जपानी जिंकले म्हणजे जिद्दीने संगिनी रोखून धावून जाणारा जिंकतो! पुढे पहिल्या महायुद्धात २२ ऑगस्ट १९१४ या एका दिवसात फ्रान्सचे सुमारे २७,००० सैनिक मारले गेले. माहिती कमी पडली, असं इथे म्हणता येत नाही.

जर्मनांची तऱ्हा वेगळी. महायुद्धाआधीचा त्यांचा सेनाप्रमुख श्लीफेन, त्याला इसवी सनापूर्वी २१६ मधल्या कॅनीच्या लढाईने झपाटलं होतं. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमन फौज दोन्ही बाजूंनी वेढून कापून काढली, तसंच आपणही करायचं. पण कॅनीनंतरही रोम शरण आलं नाही आणि शेवटी युद्ध हॅनिबलच हरला. हे शाळकरी पोरालाही कळावं, पण आवडत्या लढाईच्या पुढचं पान उलटायला मन धजत नाही.

मला या सगळ्यांत आर्दां द्यू पिक हा फ्रेंच कर्नल फार आवडतो. क्रिमियात लढलेला माणूस. त्याने आपल्याच अधिकाऱ्यांना प्रश्नावली पाठवली: तुमची तुकडी शत्रूच्या माऱ्यात आली तेव्हा नेमकं काय झालं? गोळीबार कुणी सुरू केला, हुकूम ऐकू येत होते का, माणसं कुठे थबकली? शौर्याच्या कहाण्या नकोत, घडलं ते सांगा. आमच्या गोदामात साठा तपासायला येणारे चांगले साहेब असंच विचारायचे. १८७० च्या ऑगस्टमध्ये फ्रान्स-प्रशिया युद्धात मेत्झजवळ तोफगोळ्याने द्यू पिक घायाळ झाला आणि काही दिवसांत गेला. लेखन मागे राहिलं. त्यात भीतीबद्दल, पळणाऱ्या माणसांबद्दल, शेजारचा ओळखीचा असला की पाय टिकतात याबद्दल पानंच्या पानं होती. १९१४ पूर्वीच्या चढाईवेड्या अधिकाऱ्यांनी त्यातून उचललं ते 'मनोबल' तेवढं.